लॅक्स्टनच्या शेतांविषयी: एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन या पॅरिशवरच्या (म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गावावरच्या) लेखात मी तिथल्या सामाईक शेतांची पद्धत ‘मध्ययुगापासून अखंड चालत आलेली’ आहे, असे लिहिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या सामाईक शेतांतले, एकेका शेतकऱ्याच्या वाट्याचे चिंचोळे पट्टे एकत्र करून मोठे करण्यात आले, पुढे 1952 साली सरकारने जमीन विकत घेतली, तेव्हा आज उरले आहे ते केवळ जपून ठेवलेले प्रदर्शन, असा आपला आक्षेप आहे.

पट्ट्यांबाबतचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मार्क पिअर्स याने 1635 साली केलेल्या आणि आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेल्या नकाशात चिंचोळ्या पट्ट्यांची जी दाट वीण दिसते, ती आता त्या शिवारात नाही. ‘अखंड’ हा शब्द मी लेखातून काढत आहे.

‘प्रदर्शन’ हा शब्द मात्र मला पटत नाही. तिथल्या तीन मोठ्या शेतांत हिवाळी गहू, वसंतात पेरायचे पीक आणि पड असा तीन वर्षांचा फेरा आजही सर्वांनी मिळून पाळायचा असतो, आणि पट्ट्यापट्ट्यांत कुंपण नसल्यामुळे हद्द राखणे हे सगळ्यांचेच काम होऊन बसते. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांमधूनच नेमलेली ज्यूरी गव्हाच्या शेताची फिरून पाहणी करते. कोणाचा नांगर सामाईक वाटेत शिरलेला दिसला, तर तिथे लाकडी खुंट ठोकून हद्द पुन्हा आखून देते. पुढच्याच आठवड्यात गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ हे जुने जमीनदारी न्यायालय भरते आणि कसूर करणाऱ्याला दंड होतो. कोरलेल्या बांधापायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना आपण पाहतो, म्हणून शेजाऱ्यांनीच आठवड्याभरात केलेला हा निवाडा मला फार मोलाचा वाटतो. शिवाय 1977 च्या कायद्याने अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार जवळजवळ सर्वत्र संपवले, तेव्हा लॅक्स्टनचा शेतीविषयक अधिकार मुद्दाम शाबूत ठेवण्यात आला. प्रदर्शनाला दंड करण्याचा अधिकार लागत नाही.

जमिनीचे मालक बदलत गेले, हे खरेच आहे: अर्ल मॅन्व्हर्स या उमरावाकडून ती कृषी मंत्रालयाकडे आली, 1981 साली क्राउन इस्टेट या ब्रिटिश राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली आणि 2020 मध्ये थोर्स्बी इस्टेट या खासगी जहागिरीने घेतली. या सगळ्या उलाढालीत ज्यूरी टिकली, हेच मला लेखात सांगायचे होते. पट्ट्यांच्या एकत्रीकरणावर एक स्वतंत्र परिच्छेद मी आता त्यात घालत आहे.