‘विधानसभेत प्रश्न विचारून काय होतं?’ या मजकुराला उत्तर

अधिवेशन जवळ आलं की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. आमदारांचे प्रश्न म्हणजे दिखावा. तपास पोलिसांचा आणि न्याय कोर्टाचा, तिथे आमदाराचा काय संबंध. मंत्री ‘चौकशी सुरू आहे’ म्हणून सुटतात. त्यापेक्षा आमदाराने गल्लीतलं गटार बघावं. शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात, म्हणून हे लिहितोय.

संबंध काय? पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या राज्यसूचीतले, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतले विषय. ठाण्यात माणसं किती, प्रयोगशाळेचा अहवाल का रखडला, सरकारी वकील का नेमला नाही, याचं उत्तर सरकारनेच द्यायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघड झालं आणि आरोपी म्हणून पोलिसांनाच अटक झाली. तपास पोलिसांचा म्हणून आमदारांनी गप्प बसायचं, तर त्याच्या घरच्यांनी जायचं कुणाकडे? त्याच वर्षी मार्चमध्ये म्हैसाळला १९ भ्रूणांचे अवशेष सापडले आणि तिथल्या एका दवाखान्यावर बेकायदा गर्भपातांचा आरोप झाला. त्या दवाखान्याची तपासणी कोणी, कधी केली होती, हे आरोग्यमंत्र्यांना विचारायलाच हवं.

कोर्टाचं म्हणाल, तर दोषी कोण हे कोर्टच ठरवणार, त्यावर सभागृहात बोलू नये हे बरोबर. पण ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्यालयाबाहेर बसणारं न्यायपीठ, सुरू झालं. त्याच्या इमारतीचा, कर्मचाऱ्यांचा पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो. त्याचा हिशेब आमदारांनीच मागायचा असतो.

उत्तरं गुळमुळीत येतात, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचा मलाही संताप येतो. ‘हे खरे आहे काय’ला ‘अंशतः खरे आहे’ आणि ‘विलंबाची कारणे काय’ला ‘प्रश्न उद्भवत नाही’, अशी उत्तरं छापून येतात. पण तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, तिथेच संपत नाही. त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं, आणि त्याने दिलेलं आश्वासन पाळलं का हे आश्वासन समिती तपासते. मार्च २००५ मध्ये पनवेलचे आमदार विवेक पाटील यांनी डान्सबारवर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, मांडली. उत्तर द्यायला होते तेव्हाचे गृहमंत्री, आपल्या अंजनीचे आर. आर. पाटील. त्या चर्चेतून बंदीची घोषणा झाली आणि त्याच वर्षी कायदा आला. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. तो योग्य होता की नव्हता हा वेगळा वाद. पण एका लक्षवेधीने सरकार हललं, हे नोंदीत आहे.

गटार महापालिकेचं काम. ते नगरसेवकाला विचारा.

तुमची फिर्याद ठाण्यात अडली असेल, गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, तर तारीख आणि नोंद क्रमांकासह ते आमदाराला लेखी द्या. प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी पाठवावे लागतात, तेव्हा आत्ताच द्या. आणि अधिवेशन संपल्यावर छापील उत्तराची प्रत त्यांच्याकडून मागून घ्या.