मनाने ठरवलं म्हणून नडगी ऐकत नाही

कमांडो किंवा स्पेशल फोर्सेसच्या निवडीला बसायचं ठरवलेल्या मुलामुलींमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: "निवड नव्वद टक्के मनाची असते, दहा टक्के शरीराची. फिट तर ट्रेनिंगच करून घेतं. सहा आठवडे आधी सुरुवात केली तरी पुरे. बूट घालून, पाठीवर तीस किलो घेऊन रोज पळा. झोप कमी करा, म्हणजे सवय होईल. दुखलं तरी थांबू नका, दुखणं म्हणजे अंगातला कमकुवतपणा बाहेर पडणं. मोठमोठे खेळाडू पहिल्या आठवड्यात घरी जातात आणि साधी पोरं पास होतात."

यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मजकूर इतका चालतो. उरलेल्या अर्ध्यामुळे पोरं पायाला प्लास्टर घालून बसतात. एकेक मुद्दा घेऊ.

"नव्वद टक्के मन, दहा टक्के शरीर"

हे नव्वद आणि दहा कोणी, कशाने मोजले? कोणीच नाही. मात्र त्यामागे एक खरी गोष्ट आहे. अमेरिकन नौदलाच्या सील कमांडोंचं प्राथमिक प्रशिक्षण कॅलिफोर्नियात कोरोनाडोला होतं. तिथून बाहेर पडणारे बहुतेक जण स्ट्रेचरवरून जात नाहीत. ते स्वतः चालत जाऊन तीनदा घंटा वाजवतात आणि सोडतात. म्हणजे हरलं ते मन, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात.

पण घंटेपर्यंत पोहोचतो कोण, ते बघा. प्रवेशाच्या चाचणीत दीड मैल, म्हणजे २.४ किलोमीटर, साडेदहा मिनिटांत पळावं लागतं. ही किमान अट. आत गेल्यावर पहिल्या टप्प्यात चार मैल, म्हणजे ६.४ किलोमीटर, ३२ मिनिटांत पळायचे असतात, तेही बूट आणि लांब पँट घालून, वाळूत. आता साधा हिशोब करा. ज्याचे २.४ किलोमीटर जेमतेम साडेदहा मिनिटांत होतात, तो रस्त्यावर, ताजातवाना असताना ६.४ किलोमीटरला तीस मिनिटांच्या आसपास घेईल. हातात उरतात दोन मिनिटं. ओली पँट, जड बूट, भुसभुशीत वाळू आणि आदल्या दिवसाचा थकवा ती दोन मिनिटं सहज खाऊन टाकतात. जो तेच अंतर नऊ मिनिटांत संपवतो, त्याच्याकडे सहा मिनिटांहून जास्त शिल्लक असतात. दोघंही एकाच वाळूत पळतात, पण एकाची रोज परीक्षा असते आणि दुसऱ्याचा सराव चाललेला असतो.

आणि जो मागे पडतो, त्याचं काय होतं? मागे राहिलेल्यांना बाजूला काढून वर आणखी व्यायाम दिला जातो. म्हणजे ज्याच्यात सगळ्यात कमी ताकद उरली आहे, त्यालाच सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात कमी विश्रांती. असे चार-पाच दिवस गेले की तो घंटा वाजवतो. नोंद होते 'स्वेच्छेने सोडलं' अशी. मन तुटलं हे खरं, पण ते कशाने तुटलं हे त्या नोंदीत येत नाही.

मनाच्या बळाची दुसरी बाजू तर कोणी सांगतच नाही. जुलै २०१३ मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत एसएएस या ब्रिटिश स्पेशल फोर्सच्या राखीव दलाच्या निवडीची चाल होती, सुमारे २६ किलोमीटर, पाठीवर ओझं, दिवस कडक उन्हाचा. त्या चालीत उष्माघाताने तिघांचा जीव गेला. नंतर कोरोनरच्या (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीत आयोजनातल्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला गेला आणि तो योग्यच होता. पण त्या तिघांचं मन कच्चं होतं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? शरीराचं तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की जिद्द उपयोगाची राहत नाही, उलट घात करते, कारण जिद्दी माणूस थांबत नाही. उष्ण हवेत काम करायची सवय शरीराला लागायला रोज थोडा वेळ असे साधारण १० ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातल्या पाण्याचा अंश वाढतो. यातलं काहीही निश्चयाने होत नाही.

"फिट तर ट्रेनिंगच करून घेतं"

साध्या सैनिकाच्या मूलभूत प्रशिक्षणाबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. ते प्रशिक्षण माणूस घडवायलाच आखलेलं असतं. निवड वेगळी. ती तुमच्यात आधीच काय आहे ते मोजते आणि मग ते खर्च करायला लावते. अमेरिकन सैन्याच्या रेंजर स्कूलचं उदाहरण घ्या. अभ्यासक्रम दोन महिन्यांचा, पण नापास होणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के पहिल्या चार दिवसांतच बाहेर पडतात, असं ती संस्थाच सांगत आली आहे. बरीच वर्षं तिथली सुरुवातच जोर, सिटअप्स, पुलअप्स आणि ४० मिनिटांत पाच मैल पळणं अशा चाचणीने होत असे. चार दिवसांत कोण फिट होणार?

सीलच्या प्रवेश चाचणीचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी ५०० यार्ड पोहणं, मग दहा मिनिटं विश्रांती, मग दोन मिनिटांत जोर, दोन मिनिटं थांबून सिटअप्स, पुन्हा दोन मिनिटं थांबून पुलअप्स, दहा मिनिटं थांबून पळणं. घरी ताज्या अंगाने पंधरा पुलअप्स मारणारा पोहून आणि जोर काढून बारवर लोंबकळला की नववीलाच हात थरथरतात. हनुवटी बारच्या वर गेली नाही तर ती पुलअप मोजली जात नाही. सराव त्याच क्रमाने आणि तेवढ्याच विश्रांतीने केलेला नसेल, तर आपला खरा आकडा आपल्याला माहीतच नसतो.

"सहा आठवडे पुरे"

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं.

सहा आठवड्यांत दम सुधारतो, यात वाद नाही. हृदय आणि रक्ताभिसरण पटकन प्रतिसाद देतं. स्नायूही दीड-दोन महिन्यांत बऱ्यापैकी ताकद धरतात. खरी अडचण इथूनच सुरू होते. दम वाढला म्हणून माणूस जास्त पळतो, पण टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि हाडं या वेगाने बदलत नाहीत, त्यांना महिने लागतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त मजबूत हाड भरतं. पोखरणं दोन-तीन आठवड्यांत होतं. भरायला मात्र तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे नव्याने जोरात पळायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं. रस्ता उकरून ठेवलाय, डांबर अजून पडायचंय, आणि नेमके तेव्हाच आपण त्यावरून ट्रक सोडतो.

याचा परिणाम म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, हाडाला केसाएवढा तडा. हा आजार वैद्यकशास्त्राला सैनिकांमुळेच कळला. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब चालींनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात याचं वर्णन केलं. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९८३ मध्ये इस्रायली सैन्यात पायदळाच्या नव्या तुकडीवर बारकाईने लक्ष ठेवलं, तेव्हा ३१ टक्के जणांना स्ट्रेस फ्रॅक्चर झालेलं आढळलं. जवळजवळ तिघांत एक. हे प्रमाण त्यांनी पुढे बरंच खाली आणलं, ते प्रामुख्याने एकूण चाल कमी करून आणि किमान सहा तास झोप सक्तीची करून.

तिथल्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती मला या सगळ्यात सर्वांत कामाची वाटते. भरतीआधी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ नियमित खेळलेल्यांची हाडं लक्षणीय कमी मोडली. नुसतं पळणाऱ्यांना मात्र असा फायदा झालेला दिसला नाही. खेळात उडी असते, अचानक थांबणं, वळणं, आडवं धावणं असतं, आणि हाडाला असा वेगवेगळ्या दिशांचा झटका मिळाला की ते जास्त चांगलं घडतं. त्यामुळे निवडीला अजून दोन वर्षं असतील, तर मैदानावर खेळायला जाणं हा वेळेचा अपव्यय नाही.

अमेरिकन नौदलाने सील उमेदवारांसाठी तयारीचं जे अधिकृत वेळापत्रक काढलं आहे, ते २६ आठवड्यांचं आहे. ज्यांना माणसं गाळण्याची हौस आहे असं आपण समजतो, तेच लोक सहा महिने घ्या म्हणतात.

"तीस किलो घेऊन रोज पळा"

ओझं घेऊन चालायचं असतं. ओझ्यासकट पळताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि नडगीवर जो मार बसतो, त्यातून मिळणारा फायदा त्या किमतीचा नाही. ब्रिटिश रॉयल मरीन कमांडोंची शेवटची प्रसिद्ध कसोटी ३० मैलांची, आठ तासांत, सुमारे साडेचौदा किलो घेऊन. ती त्यांच्या दीर्घ प्रशिक्षणाच्या अखेरीस येते. मजकूर लिहिणारा त्याच्या दुप्पट वजन पहिल्या दिवशी देतो!

आठवड्यातून एकदा ओझ्याची चाल पुरते. सुरुवात दहा-बारा किलोने करा. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवू नका. सॅक कशी भरता यावर निम्मा खेळ आहे: जड वस्तू वर, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये आणि पाठीला चिकटून, हलक्या खाली आणि बाहेरच्या बाजूला. तळाशी वजन लोंबत असलं की सॅक मागे ओढते, माणूस कंबरेतून पुढे वाकतो आणि तासाभरात बोटांना मुंग्या येऊ लागतात, कारण पट्टे खांद्यातल्या नसा दाबतात. टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून मोजा काढायचा, वाळू झटकायची आणि लाल झालेल्या जागी टेप लावायची. पाणी भरलेला फोड येईपर्यंत चालत राहणं यात शौर्य नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाय वाकडा टाकता आणि गुडघा धरतो.

"दुखलं तरी थांबू नका"

स्नायू ठणकणं आणि हाड दुखणं यात फरक असतो आणि तो बोटाने कळतो. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली न्या. चार-सहा इंचांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल, तर बहुधा नडगीची साधी जळजळ आहे. पळणं कमी करून पोहणं किंवा सायकल वाढवली की ती उतरते. नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसत नाही. 'एक्स-रे तर नॉर्मल आहे' म्हणून पुन्हा पळायला जाणारे इथेच फसतात.

जांघेत खोल दुखणं सगळ्यात वाईट. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असेल आणि तो सरकला, तर ऑपरेशन लागतं आणि पुढचं आयुष्यही बदलू शकतं. आणि अघोरी व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, तर ते स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात साचत असल्याचं लक्षण असतं. लगेच हॉस्पिटल गाठायचं, उद्या बघू म्हणायचं नाही.

"झोप कमी करा, सवय होईल"

होत नाही. सीलच्या 'हेल वीक'मध्ये, म्हणजे प्रशिक्षणातल्या सगळ्यात खडतर आठवड्यात, साडेपाच दिवसांत मिळून चारेक तास झोप मिळते, हे खरं. म्हणून त्याआधी सहा महिने चार-चार तास झोपणारा तिथे आधीच थकलेला पोहोचतो. वर सहा तासांच्या सक्तीबद्दल लिहिलंच आहे.

"खेळाडू जातात, साधी पोरं पास होतात"

काही खेळाडू जातात, कारण त्यांची तयारी दुसऱ्याच कामाची असते. दंड फुगवलेल्या माणसाला स्वतःचंच जास्तीचं वजन बारवर उचलावं लागतं आणि वाळूतून ओढावं लागतं. आणि 'साध्या' पोराची नीट चौकशी केली की कळतं, तो लहानपणापासून पोहत होता, किंवा कुस्ती खेळत होता, किंवा वर्षानुवर्षं पळत होता. ते त्याच्या दंडावर दिसत नाही, एवढंच.

या मजकुराच्या एका आवृत्तीत शेवटी पाण्याखाली श्वास रोखायचा सराव सांगितलेला असतो, "एकट्याने करा, भीती मरते." भीतीच्या आधी माणूस मरतो. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची तलफ उशिरा येते आणि शुद्ध त्याआधीच हरपते. २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या लष्करी तळावरच्या पोहण्याच्या तलावात दोन सील सैनिक पाण्याखाली बेशुद्ध होऊन मरण पावले, आणि ते नवखे उमेदवार नव्हते. काठावर तुमच्याकडेच बघत उभं असलेलं जाणतं माणूस नसेल, तर हा सराव करायचाच नाही.

राहिला तो, ज्याच्या हातात आज खरोखरच सहा आठवडे आहेत. तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकला. येत नसेल, तर ओझं घेऊन पळण्याच्या फंदात पडू नका. आठवड्यातून तीन-चार दिवस पळा, त्यातले बहुतेक दिवस बोलता येईल अशा वेगाने, एक दिवस जोरात. बाकीचे दिवस पोहणं, पुलअप्स आणि जोर. प्रत्येक चौथा आठवडा हलका ठेवा. शेवटच्या आठ-दहा दिवसांत काम निम्म्यावर आणा आणि नवे बूट तर त्या दिवसांत अजिबात घालू नका.