खिद्दा सगळ्यांना आठवतो, सरोज दे कुणालाच नाही

महाराष्ट्राची मुलगी हरली म्हणून टाळ्या वाजवायची वेळ माझ्यावर एकदाच आलीय. तीही सिनेमात. मुलीचं नाव रमा जोशी, ठिकाण मद्रास, राष्ट्रीय जलतरण स्पर्धेतली शेवटची रिले. रमा जोशी पाण्यात आधी उडी मारते, मागून बंगालची एक काळीसावळी, झोपडपट्टीतली पोरगी झेपावते आणि तिला गाठून मागे टाकते. ती पोरगी म्हणजे कोनी आणि सिनेमाचं नावही 'कोनी'. शेवट सांगून टाकला म्हणून ओरडू नका, चाळीस वर्षं होऊन गेलीत त्याला.

बंगाली माणसाला या सिनेमाबद्दल विचारलं की तो लगेच म्हणतो, "सौमित्रदांचा ना!" बरोबरच आहे, कोनीच्या प्रशिक्षकाच्या, खिद्दाच्या भूमिकेत सौमित्र चॅटर्जींनी त्यात कमाल केलीय. पण दिग्दर्शक कोण, असं मी आजवर जितक्या बंगाल्यांना विचारलंय, त्यातले बहुतेक फोन काढून शोधायला लागतात. सरोज दे. कधीचे गेले बिचारे. आपल्याकडे तर हे नाव कुणाच्या कानावरूनही गेलेलं नसेल.

त्यात थोडा हात त्यांचा स्वतःचाही आहे. पन्नासच्या दशकात कलकत्त्यात तंत्रज्ञांनी एकत्र येऊन एका सामाईक नावाने सिनेमे दिग्दर्शित करायची पद्धत होती. 'अग्रदूत' हा असा एक गट, 'अग्रगामी' हा दुसरा. सरोज दे 'अग्रगामी'तले. उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांचा १९५६चा 'सागरिका' अग्रगामींचा, ताराशंकर बंदोपाध्यायांच्या कथेवरचा 'डाक हरकरा' त्यांचा, छबी विश्वासांचा 'हेडमास्टर' त्यांचा. १९६६चा 'शंखबेला'ही त्यांचाच. लताबाई आणि मन्ना डे यांचं 'के प्रथम काछे एशेछि' त्यातलं, आजही बंगाली लग्नात कुणी ना कुणी ते गुणगुणतंच. इतकं सगळं केलं, पण पडद्यावर नाव गटाचं. सत्यजित रे, ऋत्विक घटक, मृणाल सेन ही तीन नावं घोकून आपला बंगाली सिनेमाचा अभ्यास संपतो. त्यात एखादा माणूस नाही, गट आहे म्हटल्यावर त्याला कुठल्या कप्प्यात ठेवायचं हेच आपल्याला समजत नाही.

'कोनी'वर मात्र दिग्दर्शक म्हणून सरोज दे हे नाव आहे. १९८४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. तरीही पुढच्या पिढीपर्यंत सौमित्र पोचले, मूळ कादंबरीचे लेखक मती नंदी पोचले, सरोज दे तेवढे मागे राहिले.

मती नंदींची ही कादंबरी. ते 'आनंदबाजार पत्रिका' या बंगाली दैनिकाचे क्रीडा पत्रकार, त्यामुळे क्लबांचं राजकारण त्यांना आतून ठाऊक. 'स्टॉपर', 'स्ट्रायकर' या त्यांच्या फुटबॉलवरच्या कादंबऱ्या. 'कोनी' तर पश्चिम बंगालमध्ये दहावीच्या मुलांना अभ्यासाला आहे. ऑफिसातल्या एका बंगाली मैत्रिणीकडे लेकीचं ते पुस्तक होतं. डबा खाताना तिने मला ते जवळजवळ सगळं वाचून दाखवलं, मध्येमध्ये स्वतःच डोळे पुसत.

गोष्ट अशी. क्षितीश सिंह, म्हणजे सगळ्यांचा खिद्दा, हा पोहण्याचा प्रशिक्षक. तोंडाने फटकळ, शिस्तीचा भोक्ता, म्हणून ज्युपिटर क्लबातून त्याला हुसकावून लावलंय. गंगेच्या घाटावर वारुणीच्या, म्हणजे गंगास्नानाच्या पर्वाच्या दिवशी लोक नदीत आंबे सोडतात. वाहून जाणाऱ्या त्या आंब्यांसाठी पोरांशी मारामारी करणारी एक पोरगी त्याला दिसते आणि हिला चॅम्पियन करायचं असं हा ठरवून टाकतो. पोरीने कुठे मागितलंय? घरी खायला नाही. मोठा भाऊ कमल गॅरेजात काम करतो. पोहण्यात नाव काढायचं हे त्याचंही स्वप्न होतं, पण तो क्षयाने मरतो.

आता मला यातलं सगळ्यात काय आवडतं ते सांगतो. सरावानंतर आणखी एक तास पोहलीस तर दोन अंडी, दोन केळी, दोन टोस्ट देईन, असं आमिष खिद्दा तिला दाखवतो. पोरगी हिशेब करते आणि म्हणते, खाणं नको, त्याचे पैसेच द्या. पैसे घरी नेले की भात शिजेल. इथे खिद्दाची जी अवस्था होते ना, ती बघा. आपण हिच्या पोटातल्या भुकेवर आपलं स्वप्न पोसतोय हे त्याला कळतं, आणि कळूनही तो थांबत नाही. पुढे तो तिला बायकोच्या, लीलावतीच्या शिवणाच्या दुकानात महिना चाळीस रुपयांवर कामाला लावतो आणि पाण्यात पुन्हा तितकंच झिजवतो. हा माणूस चांगला की निष्ठुर, हा प्रश्न उघडाच राहतो.

आजच्या खेळाच्या सिनेमांतला प्रशिक्षक मला म्हणूनच पटत नाही. तो मध्यंतरानंतर खेळाडूंना गोळा करून भाषण देतो, ढोल वाजतात, पोरं जिंकतात. प्रत्यक्षात काय असतं ते आपण आचरेकर सरांमुळे ऐकलेलं आहे. स्टंपवर ठेवलेला एक रुपया, सचिनला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेणं. सगळा कारभार असा वेळेचा, पैशाचा आणि खाण्याचा. खिद्दा त्याच जातकुळीतला, फक्त त्याला शिवाजी पार्क मिळालेलं नाही. त्याच्या वाट्याला क्लबांची भांडणं आली. आपल्या रक्तातला ज्युपिटर सोडून त्याला वैरी असलेल्या अपोलो क्लबाच्या दारात जावं लागतं. एका पैसेवाल्याला निवडणुकीसाठी भाषणं लिहून द्यावी लागतात. हे प्रसंग हसू आणतात आणि मग घशात अडकतात.

सिनेमा निर्दोष नाही. काही ठिकाणी पार्श्वसंगीत फारच रडवं आहे आणि खलनायक मंडळी दुरूनच ओळखू येतात. उपलब्ध प्रतही धुरकट. पण कोनी झालेली श्रीपर्णा बॅनर्जी ही मुलगी खरी जलतरणपटू. तिचं शरीर खोटं बोलत नाही. नटीला चार दिवस शिकवून हात मारायला लावले असते, तर हा सिनेमा उभाच राहिला नसता. ही निवड दिग्दर्शकाची, आणि तिचं श्रेय आपण त्याला देत नाही.

शेवटी खिद्दा विनातिकीट प्रवास करत, पकडला जात, कसाबसा मद्रासला पोचतो आणि "फाइट कोनी, फाइट!" ओरडतो. नंतर कोनी चिडून विचारते, कुठे होतास तू, मला किती यातना झाल्या. तर तो म्हणतो, त्या यातना म्हणजेच मी. २०२०च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सौमित्र रुग्णालयात होते तेव्हा बंगाली लोक जागोजागी 'फाइट खिद्दा, फाइट' लिहीत होते. १५ नोव्हेंबरला ते गेले. नटाला त्याच्या भूमिकेच्या नावाने हाक मारली जाणं ही मोठी गोष्ट. त्या गर्दीत सरोज दे यांचं नाव घेणारं मला कुणीच दिसलं नाही.

रमा जोशीसाठी टाळ्या का वाजल्या नाहीत, तेही सांगून टाकतो. तिला हरवण्यासाठी कोनीला संघात घ्या, असा आग्रह धरतो तो कोनीच्या प्रतिस्पर्धी मुलीचा, हिया मित्रचा, प्रशिक्षक प्रणवेंदू. बाकीचे बंगालचे पदाधिकारी आपल्याच पोरीला बाकावर बसवून ठेवायच्या तयारीत असतात. कोनीची खरी शर्यत त्यांच्याशी होती. बिचारी रमा जोशी तर फक्त पोहत होती, आणि छान पोहत होती.

यूट्यूबवर बघा. बंगाली आलं नाही तरी अर्धं समजतं. आणि सुरुवातीची श्रेयनामावली पुढे ढकलू नका.