चिंचेने घासलेला राजा

गेल्या दसऱ्यापासून आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तात्यांवरून जुंपली आहे. तात्या म्हणजे माझे आजोबा. मराठा पलटणीत होते, १९४४ साली इटलीत लढले आणि एक पदक घेऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले. थोरल्या चुलत भावाला, म्हणजे दादाला, वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभारायची आहे. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने त्यावर लिहिलं, "ज्या पदकावर इंग्लंडच्या राजाचं डोकं आहे, त्याची कसली कमान? ते इंग्रजांचे भाडोत्री होते." तेव्हापासून ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे गुलाबही बंद झालेत, तेवढा एक फायदाच म्हणायचा.

मी लंडनजवळ राहतो, म्हणून कागद शोधायचं काम माझ्याकडे आलं. "तुझ्या तिथंच सगळं आहे की," असं दादाचं म्हणणं. ते अर्धंच खरं. दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यपदकांच्या शिफारशी इथे लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत, आणि घरबसल्या उतरवून घेता येतात. पदकं जाहीर करणारं लंडन गॅझेट, म्हणजे इथलं सरकारी राजपत्र, तेही इंटरनेटवर आहे. पण शिपायाची भरती, रजा, बढती, वारस हे सगळं ज्यात असतं ते दप्तर भारतातच, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे राहिलं.

मी दोन रविवार 'शिंदे' शोधत बसलो. तात्या सापडेनात. मग सुचलं की पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर कोरलेला असतो.

आमचं पदक देव्हाऱ्यात असतं. खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या ओळीत ते पाटावर बसतं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं जातं. ऐंशी वर्षांचं कुंकू त्या कडेत जाऊन बसलेलं. व्हिडिओ कॉलवर वहिनीने जुन्या टूथब्रशने ते हळूहळू खरवडलं. "भावजी, इथं इंग्रजीत काय काय हाय बारीक," म्हणाली आणि एकेक अक्षर वाचून दाखवू लागली. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. आडनाव कारकुनाने 'सिंदे' करून ठेवलेलं. पदक निघालं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, १९०७ साली हिंदी शिपायांसाठी काढलेलं आणि १९४७ला इंग्रजांबरोबर संपलेलं.

नंबर मिळाल्यावर शिफारशीचा कागद पाच मिनिटांत हाती आला. एकच पान, टंकलेखन केलेलं. वरच्या चौकटीत आधी एक मोठं पदक लिहून मग खोडलेलं, त्याखाली हे छोटं. तळाशी सह्यांची उतरंड, शेवटची इटलीतल्या सरसेनापती अलेक्झांडर यांची. मजकूर अकरा ओळींचा. तोफमारा चालू असताना या शिपायाने तुटलेली टेलिफोनची तार एका रात्रीत चार वेळा जाऊन जोडली, एवढंच त्यात आहे.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टीत तात्यांनी संगिनीने सात जर्मन मारले होते. मी तो कागद मराठी करून ग्रुपवर टाकला. दादा दोन दिवस गप्प. मग त्याने विचारलं, "सातचं कुठंच लिहिलं नाही का?"

तात्यांच्या तुकडीचा तो सगळा उन्हाळा टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात गेला. तिथेच १० जुलै १९४४ रोजी त्यांच्याच बटालियनचे, पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे, नाईक यशवंत घाडगे पडले. वय बावीस. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा घायाळ झाल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटी बंदुकीचा दस्ता वापरला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. देह सापडला नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ बसवलं. मी ते बघून आलो. दुपारची सावली दगडावर पडलेली, खाली खोरं, सूर्यफुलांची शेतं. तार जोडायला माणूस कुठून कुठे रांगत गेला असेल, याचा मी अंदाज करत होतो. कळलं काहीच नाही.

आता पुतण्याचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नाही. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारे हातही हिंदी शिपायांचेच होते. पण तात्या लढत होते त्याच काळात आमच्या जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची गाडी लुटली. तात्यांचे धाकटे भाऊ, आमचे आबा, भूमिगतांना रात्री भाकरी पोचवत. आजी सांगायची, पोस्टमन तात्यांची मनीऑर्डर देऊन जायचा, त्याच पैशातून ज्वारी यायची आणि त्याच ज्वारीच्या भाकरी मळ्याकडे जायच्या. त्या घरातला भाडोत्री कोण आणि क्रांतिकारक कोण, हे पुतण्याने वेगळं करून दाखवावं. (इथल्या विद्यापीठांची फी किती, हे त्याने गेल्या महिन्यात मला खाजगीत विचारलं. ते मी ग्रुपवर काढलेलं नाही. मीही इंग्रजांच्याच पगारावर जगतो.)

इथलं कौतुकही मला पुरतं पचत नाही. नोव्हेंबर आला की युद्धात पडलेल्यांच्या आठवणीत कोटावर कागदी पॉपीचं फूल लागतं. लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर २००२ पासून हिंदी, आफ्रिकी आणि कॅरिबियन सैनिकांसाठी मेमोरियल गेट्स उभे आहेत, हे चांगलंच. पण ऑफिसातली बाई हळवी होऊन "तुमचे आजोबा आमच्यासाठी लढले" म्हणते, तेव्हा मला १९४३चा बंगालचा दुष्काळ आठवतो. पंचवीस लाखांची स्वेच्छेने उभी राहिलेली फौज, हे वाक्य इथे फार आवडीने म्हणतात. उपाशी घरातल्या पोराची स्वेच्छा किती, हे कुणी विचारत नाही. अठरा रुपये पगार आणि दोन वेळचं जेवण.

राहिलेला अर्धा इतिहास भारतात आहे. तात्यांच्या दप्तरासाठी मी नंबर, नाव, पदकाचा फोटो जोडून एका कचेरीला पत्र पाठवलं. आठ महिने झाले. स्मरणपत्रावर फोनवरच्या साहेबांनी विचारलं, "पेन्शनचं काम आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली असावी. २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास आणि दस्तऐवज खुले करण्याचं धोरण आणलं. शिपायाच्या नातवालाही त्यात जागा हवी. कमानीला जितका सिमेंट-वाळूचा खर्च येईल, तेवढ्यात एका पलटणीची कितीतरी जुनी दप्तरं स्कॅन होतील. हे मी दादाला लिहिलं, तर त्याने फक्त अंगठा पाठवला.

कमान होणारच. फ्लेक्सचा मसुदा आलाय, त्यात तात्या 'इंग्रजांना धूळ चारणारे' आहेत. मी उलट लिहिलं, की तार जोडली एवढंच लिहा, चार वेळा लिहा हवं तर. पुतण्याने, पहिल्यांदाच, माझ्या बाजूने मत दिलं.

काल वहिनीचा फोन आला. दसरा जवळ आलाय. दरवर्षी ती पदक चिंचेने घासते, तिच्या आधी आई घासायची, आईच्या आधी आजी. राजाचं नाक कधीच गेलं, आता डोळेही पुसट झालेत. सरकारी कागद सापडलाय तर घासू की नको, असं विचारत होती. मी म्हटलं, कड तेवढी सांभाळ, तोंड घास.