‘शेतकरीपुत्र’ भाऊंच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

भाऊ, तांदळात जीवनसत्त्व वाढवायला जीन एडिटिंग वापरायला काय हरकत आहे, या माझ्या मागच्या पोस्टखाली तुम्ही ‘एक शेतकरीपुत्र’ नावाने रात्री सव्वाबाराला जी कमेंट टाकली ती मी दोनदा वाचली, सकाळी बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली सोडा ना, आणि मी सोडणारच होतो. पण कॉलेजात चार लेक्चरं घेऊन आलो तरी त्यातलं शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

ज्यांनी कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाऊंचं म्हणणं, गोल्डन राईसला, म्हणजे व्हिटॅमिन ए साठी बनवलेल्या पिवळ्या तांदळाला, मी जीन एडिटिंगचं उदाहरण म्हटलं ते चूक, पंचवीस वर्षं झाली तरी तो गरिबाच्या ताटात आला नाही, चीनमध्ये पोरांवर आईबापांना नीट न सांगता त्याचा प्रयोग झाला, बियाणं पेटंटवाल्यांच्या हातात जाईल, ताटात तेलच नसेल तर व्हिटॅमिन ए अंगी लागत नाही, म्हणून गरिबाला भाजी द्या. आणि मग शेवटी: “पोट भरलेल्यांना गरिबाच्या ताटात प्रयोग करायची भारी हौस असते.”

आधी तुमचं बरोबर आहे ते बोलतो, नाहीतर म्हणाल चूक मानत नाही. गोल्डन राईस जीएम आहे, म्हणजे बाहेरच्या जीवाचा जीन घातलेला, एडिटेड नाही. २००० साली पोट्रायकस आणि बायर यांनी तो जगापुढे आणला तेव्हा त्यात डॅफोडिल फुलाचा आणि एका जीवाणूचा जीन घातलेला होता, २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचा आला आणि ग्रॅममागे १.६ मायक्रोग्रॅम असलेली कॅरोटीनॉइडं (त्यात मुख्य बीटा कॅरोटीन, ज्यातून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) ३७ पर्यंत गेली. एडिटिंगमध्ये झाडाच्या स्वतःच्याच जीनमध्ये नेमक्या जागी कात्री लावतात. मोहालीच्या सरकारी संस्थेने केळीत हेच केलं, बीटा कॅरोटीनकडे जाणारा माल दुसरीकडे वळवणारा एक जीन बंद केला तर गरात ते साठायला लागलं. पोस्टमध्ये दुरुस्ती टाकली आहे. घाईत लिहिलं, झालं.

आता ते वाक्य.

पोट भरलेल्यांना. बरं. मी पवनीजवळच्या एका खेड्यातला, बापाची दीड एकराची बांधी, तीही पावसावर, रोवणा झाला तर झाला. घरात सकाळी भात, संध्याकाळी भात, वरण असलं तर पातळ, नाहीतर मिरचीचा ठेचा आणि मीठ. माझा लहाना भाऊ तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल, दिवेलागण झाली की तो माझ्या सदऱ्याचं टोक धरून चालायचा. मला वाटायचं लाडात येतो, मी झटकायचो. एकदा जेवताना चिमणी त्याच्या समोर होती, मला ताटातलं शीत न् शीत दिसत होतं, आणि हा वरणाची वाटी शोधत ताटाभोवती हात फिरवत होता, तो हात शेवटी पाण्याच्या गंजावर आपटला आणि सगळं पाणी आईच्या लुगड्यावर. आईने पाठीत धपाटा घातला, मस्ती करतो म्हणून. रातांधळं आहे, व्हिटॅमिन ए कमी पडलं की होतं ते, हे पुढे नर्सबाई लसीकरणाला आल्या तेव्हा कळलं, त्यांनी चमच्याने ते पिवळं औषध पाजलं आणि थोड्याच दिवसांत पोरगं अंगणात अंधारात पळायला लागलं. एका चमच्याने! त्या दिवसापासून मला हा विषय लागलेला आहे भाऊ, एसीत बसून नाही लागला. आणि तुम्ही मला हौस म्हणता.

शेतकरीपुत्र म्हणे. अहो तसे तर नागपुरात अर्धे लोक शेतकरीपुत्रच आहेत, माझ्या बिल्डिंगीत सहा सापडतील. खरं नाव लिहायला काय जातं? मी नाव, फोटो, गाव सगळं टाकून लिहितो.

दुसरं, “गरिबाच्या ताटात प्रयोग” हे तुम्ही असं लिहिलंय जणू आजवर ताटात जे आलं ते थेट ब्रह्मदेवाने वाढलं. तुम्ही एचएमटी तांदूळ खात असाल, विदर्भात कोण खात नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं तेच केलं, आणि त्यातून हे वाण आलं, घड्याळावरून नाव पडलं. त्या लोंब्या वेगळ्या का होत्या? जीन बदलला होता म्हणूनच ना. तो बदल आपोआप झाला, कुठे झाला ते कोणी तपासलं नाही, आणि आपण लग्नाच्या पंगतीत मिटक्या मारत खाल्ला. तोच बदल कोणी ठरवून, मोजून केला की लगेच प्रयोग! भाताच्या पानात बीटा कॅरोटीन असतंच, दाण्यात ते काम बंद असतं एवढंच. ते चालू करणं सोपं नाही हे मीही जाणतो, एडिटिंगला बंद करायला जास्त चांगलं जमतं. आपल्याकडे ४ मे २०२५ ला जे दोन एडिटेड तांदूळ जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी १, त्यांत व्हिटॅमिनचं काही नाहीये, ते उत्पन्न आणि खारी जमीन-दुष्काळ यासाठी आहेत. हे मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. पण पोस्ट पूर्ण वाचायची असते आधी, मग कमेंट.

आणि भाजी द्या म्हणता. द्या ना, कोण नको म्हणतंय? तरोटा, चिवळ, अंबाडी मलाही आवडते. पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की गोकुळपेठेत पालकाची जुडी कशी दिसते पाहिलंय? दुपारी दोनला विकणारी बाई त्यावर ओलं पोतं टाकून बसलेली असते. भात मात्र बाराही महिने असतो, माझा मुद्दा एवढाच होता, रोजच्या घासातूनच मिळालं तर बरं. मध्यंतरी रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड, बी१२ घातलेले दाणे मिसळायचे, शंभर किलोला साधारण एक किलो. माझी काकू मानकापूरला राहते, ती तांदूळ सुपात घ्यायची आणि ते थोडे वेगळे दिसणारे दाणे एकेक वेचून बाहेर फेकायची, प्लास्टिकचे आहेत म्हणे. मी तिला पंधरा मिनिटं समजावलं, ती हो हो म्हणत वेचतच होती. दाण्याच्या आतच असेल तर काय वेचणार? (पिवळा भात पाहून हळद कोणी टाकली विचारेल, ते वेगळं.)

बाकी मुद्दे. चीनमधल्या त्या प्रयोगाचा शोधनिबंध २०१५ मध्ये मागे घेतला गेला, विषय संपला. फिलिपिन्समध्ये गोल्डन राईसच्या लागवडीला २०२१ ला परवानगी मिळाली आणि २०२४ ला कोर्टाने काढली, हे मला माहीत आहे, लिंक पाठवायची गरज नव्हती. पेटंटवर कधीतरी वेगळं लिहीन. तेलाचं म्हणाल तर फोडणी प्रत्येक घरात होते हो.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, वरच आहे, वाचा कोणाला वाचायची तर. मी मुद्द्यावर बोलणाऱ्याला कधी ब्लॉक करत नाही, फक्त पुढच्या वेळी जरा भाषा सांभाळा.

काल रात्री त्याच लहान्या भावाला फोन करून ही सगळी कमेंट वाचून दाखवली. तो तिकडे पवनीलाच असतो, धानाचंच करतो. शेवटचं वाक्य ऐकून चिडेल असं वाटलं होतं. तर म्हणे, “बराबर तं म्हनते तो मानूस. आपल्या धुऱ्यावर तरोटा किती व्हायचा, मायनं कधी केला काय? तेलच नसे घरात.”

मी म्हटलं तू झोप आता.