समज हं, तू कंडक्टर असतोस

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला. सार असं: घरात दोन लहान मुलं असतील तर त्यांना तासन् तास ‘खोटं-खोटं’ खेळत बसू देऊ नका. त्यांना खरं-खोटं कळेनासं होतं, थोरलं मूल धाकट्याच्या पातळीवर उतरून मागे पडतं, आणि शेवट भांडणातच होतो. त्यापेक्षा दोघांना वेगळं बसवा, वयाप्रमाणे शैक्षणिक खेळ द्या, आणि पसारा लगेच आवरायला लावून शिस्त लावा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण हा मेसेज वाचून कुणीतरी आज दोन मुलांचा मांडलेला डाव मोडेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

खरं-खोटं कळेनासं होतं म्हणे. आमच्या जेवणाच्या खोलीत रविवारपासून एसटी उभी आहे. चार खुर्च्या एकामागे एक, पुढे पोळपाटाचं स्टिअरिंग, घंटेच्या दोरीला माझी ओढणी आणि तिकिटाच्या मशीनला टीव्हीचा रिमोट. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. गाडी सुटण्याआधी ती त्याला बजावते, ‘समज हं, तू कंडक्टर असतोस, मी ड्रायव्हर असते आणि बाहेर खूप पाऊस असतो.’ असतोस. आहेस नाही. मी जेवायला हाक मारली की तीच मुलगी ओरडते, ‘आई, हा उठतच नाहीये!’ लुटुपुटीच्या जगासाठी ही मुलं क्रियापदाचं रूपच बदलतात. हे त्यांना मी शिकवलेलं नाही, कुणीच शिकवलेलं नाही. ज्याला फरक कळत नाही, त्याला ही सीमारेषा इतकी अचूक आखता येणार नाही.

अ‍ॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञांनी दोन वर्षांच्या मुलांसोबत अशीच खोटी चहापार्टी मांडली होती. दोन रिकाम्या कपांत ‘चहा’ ओतला, मग एक कप उलटा करून झटकला आणि विचारलं, रिकामा कोणता? मुलांनी उलटा केलेला कप दाखवला. खरं तर दोन्ही कप कोरडेच होते. नुकतं बोलायला लागलेलं मूलही दोन हिशेब एकाच वेळी मनात ठेवतं आणि त्यांची गल्लत करत नाही. १९८६ मध्ये हेन्री वेलमन आणि डेव्हिड एस्टिस यांनी तीन वर्षांच्या मुलांना विचारलं: एकाकडे बिस्किट आहे, दुसरा बिस्किटाचा नुसता विचार करतोय, कुणाला ते हातात धरता येईल? मुलांना ते नीट सांगता आलं. धाकटा कधीकधी थोरलीच्या वाघाला घाबरतो, हे खरं. तेव्हा तीच थांबून म्हणते, ‘अरे, खोटं-खोटं आहे!’

आता थोरल्याचं नुकसान. आपल्याकडे खेळात लहानग्याला लिंबूटिंबू करायची रीत आहे: तो खेळतो, पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. पकडापकडीत ते चालतं. घर-घर, दुकान-दुकान किंवा एसटीत मात्र नुसत्या लिंबूटिंबूवर भागत नाही. धाकट्याला त्याला पेलेल आणि आवडेल अशी भूमिका द्यावी लागते, नाहीतर तो उठून जातो आणि डाव संपतो. वर्गातल्या मैत्रिणीशी पटलं नाही तर दुसरी मिळते. भाऊ मात्र एकच आहे, आणि उद्या सकाळीही तोच असणार. त्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्यावाचून तिला गत्यंतरच नसतं.

जूडी डन आणि लीझ यंगब्लेड यांनी पावणेतीन वर्षांच्या ५० मुलांचा आईबरोबरचा आणि भावंडाबरोबरचा लुटुपुटीचा खेळ पाहिला. १९९५ मध्ये त्यांनी लिहिलं की हा खेळ आणि दुसऱ्याच्या भावना व समजुती ओळखण्याची मुलांची जाण यांचा संबंध दिसतो. दोघांबरोबरचा खेळ सारखा नसतो, हेही त्यांना आढळलं. मला ते लगेच पटलं. मी एसटीत बसले की तिकीट काढता काढता विचारते, ‘दहातून सात गेले किती?’ थोरली असलं काही विचारत नाही. ती विचारते, ‘तुमच्या मांडीवर कोंबडी आहे का? कोंबडीचं अर्धं तिकीट.’

थोरलं मूल मागेच पडायचं असतं, तर इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावची ब्राँटे भावंडं (त्यांतल्या तिघी बहिणी पुढे नामांकित कादंबरीकार झाल्या) पडायला हवी होती. जून १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपाई आणले. शार्लट तेव्हा दहा वर्षांची, ब्रॅनवेल नऊच्या आसपास, एमिली सात आणि अ‍ॅन सहा. प्रत्येकाने एकेक शिपाई निवडून त्याला नाव दिलं, आणि त्यातून अख्खी राज्यं उभी राहिली. शिपायांच्या हातात मावतील एवढ्याशा वह्या शिवून थोरल्या दोघांनी त्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर लिहिला. १८३१ मध्ये शार्लट शाळेसाठी बाहेर गेली, तेव्हा एमिली आणि अ‍ॅनने ‘गोंडाल’ नावाचं आपलं स्वतंत्र राज्य काढलं. दिवाळीत किल्ल्यावर कुठला मावळा कुठे उभा राहणार यावरून तास तास वाद घातलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

वाद म्हटला की भांडण आलंच. भांडणं होतात. काल गाडी कोल्हापूरला निघाली होती आणि धाकट्याला सारसबागेत जायचं होतं. त्याने रिमोट आपटला, ओढणी ओढून काढली आणि रडायला लागला. मी स्वयंपाकघरातून निघालेच होते, तेवढ्यात थोरली म्हणाली, ‘बरं, ही गाडी सारसबागेवरून कोल्हापूरला जाते. पण तू उतरलास तर गाडीला कंडक्टर नाही.’ तो जरा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, ‘गाडी थांबते तिथे. मी गणपती बघून येतो.’ टिंग टिंग. मी असते तर दोन मिनिटांत निकाल लावला असता, आणि दोघांनाही तो मनातून पटला नसता. हात उगारला गेला किंवा दर वेळी एकच मूल रडत राहिलं, तर मध्ये पडावंच. पण रोजच्या कुरबुरीसाठी दोघांना वेगळं बसवलं, तर तडजोड शिकायची जागाच आपण काढून घेतो.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात पाच आणि सात वर्षांच्या दोन बहिणींचं उदाहरण दिलं होतं. त्या एकमेकींना म्हणाल्या, ‘चल, आपण बहिणी-बहिणी खेळू.’ एरवी बहीण असण्याचा विचार कुणी करत नाही. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं हे ठरवून वागावं लागतं. हे उदाहरण मी कितीदा वाचलं असेल, दर वेळी थबकते.

शैक्षणिक खेळ खुशाल द्या, त्यांच्याशी माझं वैर नाही. उलट्या टोकाचा दावाही मी करणार नाही: कल्पनेच्या खेळाने बुद्धी वाढते वगैरे. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावरचे अभ्यास तपासले, तेव्हा असे पुरावे कच्चेच निघाले. एकुलत्या मुलांच्या आईवडिलांनीही जीव टांगणीला लावू नये. क्रीट आणि सायप्रसमधल्या मुलांवरच्या १९९६ च्या अभ्यासात दुसऱ्याचं मन ओळखण्याशी घरात वावरणाऱ्या मोठ्या माणसांचा आणि मोठ्या मुलांचाही संबंध दिसला. मराठीत तर आते, मामे, चुलत, मावस सगळी भावंडंच.

राहिला पसारा. जून १८४५ अखेरीस एमिली आणि अ‍ॅन दोघीच यॉर्कला फिरायला गेल्या. एमिली सत्तावीसला टेकलेली, अ‍ॅन पंचवीसची. एमिलीने महिन्याभराने लिहून ठेवलंय की त्या सहलीत दोघी गोंडालमधली माणसं होऊन वावरल्या. लाकडी शिपाई घरात आले त्याला तेव्हा एकोणीस वर्षं होऊन गेली होती. आमच्या खुर्च्यांना तर चारच दिवस झालेत. आम्ही सध्या खाली पाट मांडून जेवतो. धाकटा मधूनच उठून ओढणी नीट बांधून येतो, कारण गाडी अजून कोल्हापूरला पोचलेली नाही.