पदवी लागते का, हे बिल गेट्सला विचारून काय उपयोग?

थोड्याफार फरकाने एकच मजकूर गेली काही वर्षं मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: "पदवी म्हणजे कागदाचा तुकडा. गेट्स, जॉब्स, झुकरबर्ग यांनी कॉलेज सोडलं. मोठ्या कंपन्या आता डिग्री विचारत नाहीत. सगळं ज्ञान इंटरनेटवर फुकट आहे. फीचे पैसे धंद्यात घाला. आणि वाटलंच तर कॉलेजला कधीही परत जाता येतं." सहा वाक्यं, आणि प्रत्येकात थोडं तथ्य आहे. म्हणूनच तो पटतो. 'पदवी नाही त्याला किंमत नाही' हे उलट टोकही तितकंच कच्चं आहे, पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही. घरातली वडीलधारी मंडळी तोंडीच ऐकवतात.

"पदवी म्हणजे कागदाचा तुकडा."

असेल. पण वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, वकिली, वास्तुकला अशा पेशांत बहुतेक देशांत परवाना मिळायचा तर मान्यताप्राप्त शिक्षणक्रम पूर्ण केलेला लागतोच. आणि घोडं पेंड खातं ते या मान्यतेपाशी. विद्यापीठाला मान्यता असते, पण त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला नसते. कधी एका ठिकाणच्या शाखेला असते, दुसरीला नसते. कधी अमुक वर्षापर्यंतच्या प्रवेशांपुरतीच असते. माहितीपत्रकावर विसंबू नका. परवाना देणाऱ्या परिषदेची यादी उघडा आणि अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, ठिकाण, प्रवेशाचं वर्ष ही तिन्ही जुळवून बघा.

अपवाद आहेत, आणि ते नीट वाचण्यासारखे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या राज्यांत विधी महाविद्यालयात न जाता, वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली शिकून वकिलीच्या परीक्षेला बसता येतं. कॅलिफोर्नियात त्यासाठी ४ वर्षं, आठवड्याला किमान १८ तास अभ्यास लागतो आणि पहिल्या वर्षानंतर वेगळी परीक्षा. म्हणजे कॉलेज टळलं, वर्षं टळली नाहीत. जपानचे तादाओ आंदो वास्तुकलेचं औपचारिक शिक्षण न घेता वास्तुविशारद झाले, १९९५ साली त्यांना प्रित्झकर हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. मात्र अनुभवावर परवाना देणारी वाट काही देशांत आहे, पुष्कळ देशांत नाही.

उलट काही परवान्यांना पदवी लागतच नाही. व्यावसायिक वैमानिकाला लागतात ते उड्डाणाचे तास, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा आणि पहिल्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. इथे क्रम चुकतो. उमेदवार आधी प्रशिक्षणाची भली मोठी फी भरतात आणि मग डोळ्यांच्या तपासणीत रंग ओळखण्यातला दोष निघतो. तपासणी आधी, फी नंतर.

ज्याला परदेशात काम करायचं आहे त्याने हा 'कागद' वेगळ्या नजरेने बघावा. कंपनीला तुम्ही हवे असाल, पण व्हिसा देणारा अधिकारी कंपनीचा नसतो. अमेरिकेच्या एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या, व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तिथे ३ वर्षांचा अनुभव म्हणजे शिक्षणाचं १ वर्ष असा हिशेब आहे. ४ वर्षांच्या पदवीची भरपाई १२ वर्षांनी. जपानमध्ये तांत्रिक नोकरीच्या व्हिसासाठी पदवीऐवजी सर्वसाधारणपणे १० वर्षांचा अनुभव दाखवता येतो. युरोपीय संघाच्या ब्लू कार्डाचे, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्याचे, २०२१ चे नियम माहिती-तंत्रज्ञानाच्या बाबतीत बरेच सैल आहेत: आधीच्या ७ वर्षांत ३ वर्षांचा जुळता अनुभव चालतो. पण अनुभव म्हणजे कागदावरचा अनुभव. लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचं स्वरूप, पूर्ण वेळ की अर्धवेळ, सही. फ्रीलान्स करणाऱ्यांचं गाडं इथेच अडतं. काम पाच वर्षांचं असतं, करार आणि बिलं मात्र दीड वर्षाचीच सापडतात.

"गेट्स, जॉब्स, झुकरबर्ग यांनी कॉलेज सोडलं."

सोडलं, पण काय हातात असताना? बिल गेट्स शाळेत असतानाच, १९६८ पासून, संगणकावर प्रोग्रॅम लिहीत होते. तेव्हा बहुतेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरायला मिळत नव्हता. १९७५ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडताना अल्टेअर या सुरुवातीच्या छोट्या संगणकासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुरवण्याचं काम समोर होतं. झुकरबर्ग २००४ मध्ये बाहेर पडले तेव्हा फेसबुक अनेक कॉलेजांत चालू झालेलं होतं, आणि त्याच वर्षी गुंतवणूकदार पीटर थील यांनी ५ लाख डॉलर गुंतवले. दोघांनीही धंदा शोधायला कॉलेज सोडलं नाही. हातातल्या धंद्यामुळे कॉलेजला वेळ उरला नाही.

जॉब्स यांचं उदाहरण जरा वेगळं. १९७२ मध्ये एका सत्रानंतर त्यांनी रीड कॉलेजमधून नाव काढलं, पण त्यानंतरही बरेच महिने ते तिथल्या वर्गांत जाऊन बसत होते. आणि ॲपलचा पहिला संगणक ज्यांनी घडवला ते स्टीव्ह वॉझनियॅक या यादीत कधी नसतात. तेही पदवी अर्धवट सोडून ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कामाला लागले होते. ॲपलने अमाप पैसा दिल्यानंतर ते टोपणनावाने बर्कलीच्या आपल्या जुन्या विद्यापीठात परत गेले आणि १९८६ मध्ये पदवी पूर्ण केली. मजकूर लिहिणाऱ्याला ही गोष्ट सोयीची नसावी.

"मोठ्या कंपन्या आता डिग्री विचारत नाहीत."

घोषणा खऱ्या आहेत. आयबीएम, गूगल यांनी अनेक पदांवरची पदवीची अट काढली. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांसाठी तेच केलं. पण अट काढणं वेगळं आणि माणूस घेणं वेगळं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि नोकऱ्यांच्या बाजाराचा अभ्यास करणारी बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या भरतीचा अभ्यास केला, तेव्हा या बदलामुळे पदवी नसलेल्याला खरोखर मिळालेली नोकरी ७०० भरतींमागे एकसुद्धा निघाली नाही. कारण साधं आहे: जाहिरात बदलते, अर्ज चाळणारी सवय बदलत नाही. दोनशे अर्ज आले की पहिली चाळणी कशाने लावायची? अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं होतं: मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवी हीच तिची खूण धरतो. पुढे २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

म्हणून बातम्यांवर जाऊ नका, आपल्या क्षेत्राची मोजणी स्वतः करा. सुरुवातीच्या पातळीच्या २० जाहिराती गोळा करा. ५ ते १० वर्षांचा अनुभव मागणाऱ्या घेऊ नका, तिथे पदवीचा प्रश्न आपोआप मागे पडलेला असतो आणि चित्र खोटंच गुलाबी दिसतं. चार रकाने आखा: पदवी सक्तीची, पदवीला प्राधान्य, 'किंवा समकक्ष अनुभव', उल्लेखच नाही. मग यातल्या पाच जाहिरातींचा ऑनलाइन अर्ज प्रत्यक्ष उघडून बघा. जाहिरातीत 'अट नाही' आणि अर्जात पदवीचं वर्ष भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, असं आढळलं तर ती जाहिरात पहिल्या रकान्यात टाका. शेवटी त्याच कंपन्यांत गेल्या दोन-तीन वर्षांत त्या पदावर लागलेल्यांची सार्वजनिक प्रोफाइल बघा. २० पैकी १४-१५ जण पदवीधर निघाले, तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तिथे पदवी लागते. ५-६ च निघाले तर बाकीचे कशाच्या जोरावर आत गेले ते शोधा. तीच तुमची वाट.

"सगळं ज्ञान इंटरनेटवर फुकट आहे."

बरंचसं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा २००१ मध्येच केली. फुकट असणं ही अडचण कधी नव्हतीच, पूर्ण करणं ही आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच शेवटपर्यंत पोचले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होतं. पैसे, तारीख आणि तपासणारा माणूस, यांतलं काहीतरी लागतं.

त्यातही तपासणारा महत्त्वाचा. स्वतः शिकणाऱ्याचा प्रोग्रॅम चालतो, पण तो चुकीच्या पद्धतीने चालतोय हे सांगायला कोणी नसतं. पोर्टफोलिओत धडे बघून केलेली पंधरा कामं असतात आणि पंधराही इतर हजार जणांसारखी. त्यापेक्षा तीन पुरी कामं ठेवा, जी कोणीतरी खरोखर वापरतंय, आणि ज्यांच्यातली एक चूक कशी सापडली व कशी सुधारली हे दोन परिच्छेदांत लिहिता येईल. मुलाखतीत विचारतात ते त्याच चुकीबद्दल.

पदवीला टिकाऊ पर्याय जिथे उभे आहेत तिथे ही चौकट असतेच. जर्मनीतली शिकाऊ उमेदवारी २ ते साडेतीन वर्षांची असते. आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत काम, उरलेले व्यवसायशाळेत, आणि महिन्याला विद्यावेतन. पुढे 'माइस्टर', म्हणजे त्या व्यवसायातले प्रमाणित उस्ताद, झालं की जर्मन पात्रता-आराखड्यात ती पात्रता पदवीच्याच, म्हणजे सहाव्या, पातळीवर धरतात.

"फीचे पैसे धंद्यात घाला."

हिशेब जरूर करा, पण पुरा. आज विनापदवी मिळणारा महिन्याचा पगार १ धरू. ३ वर्षं शिकलात तर बुडालेली मिळकत ३६. तिन्ही वर्षांची फी आणि इतर शैक्षणिक खर्च मिळून २४ धरू. जेवणखाण यात मिळवू नका, ते कुठेही लागतंच. वसतिगृहामुळे जेवढा जादा खर्च होईल तेवढाच मिळवा. एकूण ६०. पदवीनंतर पगार १.५ मिळाला, तर महिन्याला अर्ध्याचा फायदा दिसतो आणि १२० महिन्यांत वसुली. इथे लोक थांबतात. पण त्या ३ वर्षांत विनापदवी माणसाचाही पगार वाढून १.२ झालेला असेल. खरा फरक ०.३, वसुलीला २०० महिने, म्हणजे १६ वर्षं ८ महिने. कर्ज असेल तर व्याज वेगळं. दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटलं तर ४० गेले आणि पगार विनापदवीचाच. फी निम्मी झाली किंवा पदवीनंतरचा पगार २ वर गेला की उत्तर पार बदलतं, म्हणून आकडे आपल्या शाखेचे आणि आपल्या कॉलेजचे घाला. कॉलेज सांगतं त्या 'सर्वाधिक पॅकेज'चा इथे काही उपयोग नाही. पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याला किती मिळाले आणि कितीजणांना काहीच मिळालं नाही, ते विचारा.

धंद्याच्या बाजूलाही हीच शिस्त हवी. भांडवल घालण्याआधी पैसे मोजणारी, नात्यातली नसलेली तीन गिऱ्हाइकं मिळतात का ते बघा.

"कॉलेजला कधीही परत जाता येतं."

कधीही नाही, अटी पाळल्या तर. प्रवेश घेतल्यावर वर्षभर पुढे ढकलणं, शिकत असताना अधिकृत रजा घेणं आणि नाव काढून टाकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींत जागा राहते, तिसरीत बहुधा पुन्हा अर्ज करावा लागतो. नुसतं वर्गात जाणं बंद केलं तर आणखी वाईट: नाव पटावर राहतं, फी चढते आणि गुणपत्रिकेवर नापासाचे शेरे येतात. सोडण्याआधी लेखी विचारा: रजा जास्तीत जास्त किती काळ, मिळवलेली क्रेडिट्स किती वर्षं ग्राह्य, अभ्यासक्रम बदलला तर कोणते विषय पुन्हा, शिष्यवृत्ती राहते की जाते, आणि कर्जाचे हप्ते कधीपासून. फी परतीच्या तारखा बहुधा सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपतात. अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या आणि तिच्यावर तारीख आहे का ते तिथेच बघा.